अठ्ठावन्न नंबरचा झिरो

पंढरीनाथ सुतारांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, पांढरा खडू असायचा. जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीत, जिला तिथले लोक नुसतं वीकेआय म्हणतात, सुराणाजींचा एक लहानसा कारखाना होता. चारदीवारीतल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या सराफांना चांदीची पदकं आणि पैंजणांचे भाग दाबून काढायला जे पोलादी ठप्पे लागतात, ते आम्ही मशिनवर कोरून द्यायचो. पंढरीनाथ तिथे सेटर होते. पोलादाचा ठोकळा मशिनवर बांधायचा आणि तो नेमका कुठे आहे हे मशिनला सांगायचं, हे त्यांचं काम. मी प्रोग्रॅमर. मशिननं काय कोरायचं ते कॉम्प्युटरवर लिहून देणारी. २००५ साली मी मिरजेहून तिथे गेले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं.

हे मी त्यांची थोरवी गायला लिहीत नाहीये. थोरवी वगैरे ऐकली की ते तंबाखू मळायला लागायचे. माझ्या हातून त्यांचं एक नुकसान झालं आणि ते मी तीन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. ते एकदा पहिल्यापासून, काही न वगळता सांगायचं आहे.

पंढरीनाथ मूळचे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले. सोळाव्या वर्षी लेथवर उभे राहिले. १९८३ साली बेअरिंगच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून बायकोला घेऊन जयपूरला आले. दोन वर्षं राहून परत जायचं असं ठरलं होतं. विमलकाकूंनी लोणचंसुद्धा दोन वर्षं पुरेल एवढंच आणलं होतं. मग सावनी झाली, तिची शाळा झाली, झोटवाड्यात दोन खोल्यांचं घर झालं, आणि परत जायचा विषय निघेनासा झाला. मोठ्या कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा पंढरीनाथ पंचेचाळीस वर्षांचे होते. त्या वयात ते सुराणाजींकडे येऊन नव्या, पडद्यावरच्या आकड्यांनी चालणाऱ्या मशिनपुढे विद्यार्थ्यासारखे उभे राहिले आणि वर्षभरात त्यातले उस्ताद झाले. सगळे त्यांना उस्तादजीच म्हणत. मी काका म्हणायची. जगाशी ते हिंदी बोलत. माझ्याशी, विमलकाकूंशी आणि मशिनशी कोल्हापुरी.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याशी वाद घातला. मशिनच्या टेबलावर ठोकळे धरायला चार व्हाइस ओळीनं बांधलेले असत, चौघांत चार वेगळे ठप्पे. पंढरीनाथ प्रत्येक व्हाइसपाशी जाऊन, डायल लावून, त्याचं वेगळं शून्य मोजत बसायचे. त्याला कारखान्यात 'झिरो घेणं' म्हणतात. एका व्हाइसला वीस मिनिटं लागायची. मी म्हटलं, एकच झिरो घ्या, पुढच्या तिघांची अंतरं मी प्रोग्रॅममध्ये मिळवून देते, तास वाचेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्या नंबरच्या व्हाइसला हातोडीनं हलकेच टिचकी मारली.

"आता ह्यो केसभर सरकला. तुझं तिन्ही हिशोब पुन्हा कर बघू."

करावे लागले असते. मग त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. मशिनचं स्वतःचं एक शून्य असतं, ते लांब एका कोपऱ्यात. पण प्रत्येक जॉबला त्याचं स्वतःचं शून्य देता येतं, आणि ते ठेवायला मशिनच्या पोटात सहा खण असतात, चोपन्न ते एकोणसाठ नंबरचे. पहिल्या व्हाइसचं शून्य चोपन्नात, दुसऱ्याचं पंचावन्नात, असं. प्रोग्रॅमनं फक्त खणाचा नंबर पुकारायचा. जोहरी बाजारात कुणी आपल्या दुकानातलं कपाट हवामहलापासून मोजून दाखवतं का, असं त्यांनी विचारलं. ज्यानं त्यानं आपल्या उंबऱ्यापासून मोजायचं. त्यांच्या खिशातला खडू त्यासाठीच होता. झिरो घेऊन झाला की ते व्हाइसच्या अंगावर मोठ्या देवनागरी अक्षरात ५४, ५५, ५६, ५७ लिहायचे, आणि नवा प्रोग्रॅम आला की आधी कोरणारं टूल वर उचलून, कशालाही न लावता एकदा हवेत चालवून बघायचे. हा त्यांचा नेम होता. मला तो वेळखाऊ वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायची.

तिलक नगरात मी एका मराठी विमा अधिकाऱ्यांच्या घरी पेइंग गेस्ट होते. तिथलं जेवण फिकं, म्हणून रविवारी झोटवाड्याला काकांकडे. विमलकाकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला होता, उजवा हात आणि पाय लुळे. दिवसाकाठी अकरा गोळ्या, चार वेळांना. त्या गोळ्यांचा कारभार पंढरीनाथांकडे. त्यासाठी त्यांनी कारखान्यातल्या ॲल्युमिनियमच्या उरल्यासुरल्या तुकड्यातून एक डबी कोरून काढली होती, चार खणांची, कडा इतक्या गुळगुळीत की बोट फिरवत बसावं. सकाळच्या खणाला ते चोपन्न म्हणायचे, रात्रीच्या खणाला सत्तावन्न. काकूही तसंच म्हणायच्या. "अहो, माझं छप्पन्न राहिलं," अशी त्यांची हाक यायची आणि सावनी हसायची. "हे दोघं ना, मतलब, मशिनच्या भाषेत बोलतात," असं ती मला सांगायची. पंढरीनाथ दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या मोजून दिवसावार पुड्या करून ठेवत आणि रोज सकाळी एक पुडी डबीत भरत. घरातल्या कुणाला त्या डबीला हात लावायची परवानगी नव्हती.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मला एक गोष्ट कळली. पडद्यावरचे आकडे ते मला वाचायला लावायचे, चष्मा घरी राहिला म्हणून. चष्मा महिनाभर घरी राहिल्यावर कुणालाही कळेल. साखरेनं त्यांचे डोळे जात होते. डायलची सुई त्यांना धूसर दिसायची; ते सुईची हालचाल बोटांनी, मानेनं, कशानं तरी ओळखायचे आणि तीनदा मोजून पक्की करायचे. आकडे एकदा मनात गेले की वर्षानुवर्षं तिथेच राहायचे. मी विचारलं तर ते खोटं बोलले नाहीत. सुराणाजींना सांगू नकोस, एवढंच म्हणाले. मशिनवरून उतरवलं तर घरी बसावं लागेल, आणि घरी बसलेला सुतार त्यांनी त्यांच्या बापाच्या रूपात बघितला होता. अजून दोन-तीन वर्षं, सावनीचं कॉलेज होईपर्यंत, हात चालतोय तोवर उभं राहू दे, असं त्यांचं म्हणणं. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा मला अभिमानही होता. गप्प राहणं मला किती छान जमतं हे पुढे कळायचं होतं.

२००६ च्या मार्चात सुराणाजींनी नवं सॉफ्टवेअर आणलं. जुन्यात खणाचा नंबर सरळ लिहायचा असे: चोपन्न, पंचावन्न. नव्यात एक लहानशी चौकट असायची आणि तिच्यात साधा अंक घालायचा. ते सॉफ्टवेअर शून्यापासून मोजायचं. शून्य म्हणजे चोपन्न, एक म्हणजे पंचावन्न, दोन म्हणजे छप्पन्न, तीन म्हणजे सत्तावन्न. हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं आणि त्याखाली रेघही मारली होती.

तो शीतलाष्टमीचा दिवस होता. निम्मी माणसं चाकसूच्या जत्रेला गेलेली. उरलेल्यांनी घरून आदल्या दिवशीचे गार, गोड पुए आणि ताकात शिजवलेली बाजरीची राबडी आणली होती, कारण त्या दिवशी तिकडे चूल पेटवत नाहीत. चार पदकांचे चार ठप्पे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. चारही प्रोग्रॅम मी सकाळी करून दिले, पंढरीनाथांनी चार झिरो घेतले, खडूनं आकडे लिहिले, आणि सगळं हवेत चालवून बघितलं. नीट चाललं. पहिले तीन ठप्पे कोरूनही झाले. मग दुपारी सराफाचा निरोप आला की चौथ्या पदकावरच्या कमळाच्या पाकळ्या आठ नकोत, बारा हव्यात. मी वैतागले. चौथा प्रोग्रॅम काढून टाकला आणि नवा केला. सकाळी चारही एकापुढे एक केलेले असल्यामुळे सॉफ्टवेअरनं अंक आपोआप घातले होते. हा एकटा केला, म्हणून अंक मला हातानं घालावा लागला. चौथा व्हाइस. मी चार घातले.

तीन घालायला हवे होते. चार म्हणजे अठ्ठावन्न.

प्रोग्रॅम घेऊन मी खाली गेले. पंढरीनाथांनी सवयीनं टूल वर उचलायला घेतलं, हवेत चालवण्यासाठी. मी म्हटलं, "काका, फक्त पाकळ्या बदलल्यात. बाकी सगळं तेच आहे. लावा सरळ." साडेतीन वाजले होते. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. त्यांचा नेम मोडायला लावणारी मी पहिलीच असेन. त्यांनी बटण दाबलं.

टूल चौथ्या व्हाइसच्या वर आलं, आणि थांबायचं तिथे थांबलंच नाही. टूल मोडल्याचा आवाज बारीक होता, नंतरचा मोठा. मशिनचा सगळा माथा पोलादाच्या ठोकळ्यावर आदळला, व्हाइस जागचा सरकला आणि लाल दिवा लागून मशिन आपोआप बंद पडलं. सगळे धावत आले. सुराणाजी वरच्या ऑफिसातून खाली आले. पंढरीनाथ पडद्याकडे वाकून बघत होते, आणखी वाकत होते. शेवटी मागे न बघता म्हणाले, "ज्ञानदा, खाली जायाचं किती बाकी दावतंय?"

अक्षरं बोटभर उंच होती. कारखान्यातल्या प्रत्येकाला ती उभ्या जागेवरून दिसत होती. मी वाचलं, एकसष्ट. आणि पंढरीनाथांना ते दिसत नाही हे त्या एका प्रश्नानं सगळ्यांना कळलं.

सुराणाजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. डोळ्यांचं कधीपासून, एवढंच विचारलं. पंढरीनाथांनी सांगून टाकलं. झिरो घेताना आपल्याकडूनच आकडा चुकीचा वाचला गेला असणार, असंही स्वतःच म्हणाले. व्हाइस सरकल्यामुळे पुन्हा मोजून खात्री करायची सोय उरली नव्हती. प्रोग्रॅम बघावा असं कुणाच्या मनात आलं नाही, त्यांच्याही नाही. कॉम्प्युटरमधून आलेलं चुकत नाही अशी त्यांची श्रद्धा होती, आणि ती मीच वर्षभर वाढवली होती.

मी वर जाऊन प्रोग्रॅम उघडला. चौकटीत चार होते. मी चाराचे तीन केले आणि फाइल पुन्हा जतन केली. त्यानंतर जुनं काही उरलं नाही.

सकाळी सांगू असं ठरवून मी घरी गेले. सकाळी गेले तर पंढरीनाथ आपली हत्यारं सुराणाजींच्या टेबलावर मांडून उभे होते. त्यांना कुणी काढलं नाही. ते स्वतःच थांबले. सुराणाजींनी स्टोअरमध्ये बसायला सांगितलं होतं, ते नको म्हणाले. ज्याचा आकडा चुकतो त्यानं कारखान्यात कशाला यायचं, असं काहीसं हिंदीत बोलले. मी दारात उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. मी तिथली एकटीच मुलगी होते, सुराणाजींनी मला घेताना वर्षभर बघू म्हटलं होतं, ते वर्ष संपायला महिना होता. ही कारणं आहेत. ती मी तेव्हाही स्वतःला सांगितली. आणखी एक सांगितलं, जे जास्त उपयोगी पडलं: त्यांना नीट दिसत असतं तर पडद्यावरचा अठ्ठावन्न त्यांनीच पकडला असता. म्हणजे चूक निम्मी त्यांचीच. या निम्म्यावर मी बरेच दिवस काढले.

जाताना त्यांनी खिशातला खडू काढून मशिनपाशी ठेवला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नवा सेटर यील, त्याला हवेत चालवायची सवय लाव." मी मान हलवली.

झोटवाड्याला मी त्यानंतर दोनदा गेले. मग काम आहे, बरं नाही, अशी कारणं सांगायला लागले आणि पुढे ते कारणंही विचारेनासे झाले.

२००८ मध्ये मी सुराणाजींची नोकरी सोडली आणि तेच सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या एका संस्थेत शिकवायला लागले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. वर्गात एकानं विचारलं, मॅडम, अंक शून्यापासून का मोजायचे, घोटाळा होईल की. मी म्हटलं, होतोच. आणि उदाहरण म्हणून चार व्हाइसची, मशिन आदळल्याची हकिकत सांगितली. छान रंगवून सांगितली. पोरं गुंग होऊन ऐकत होती. शेवटी एकानं विचारलं की चूक कुणाची होती, आणि माझ्या तोंडून हिंदीत निघून गेलं, ऑपरेटरची, त्याला नीट दिसत नव्हतं.

मी ते बोलून फळ्याकडे वळले आणि पुढचं काही लिहिता येईना. तीन वर्षं मी नुसती गप्प होते असं मला वाटत होतं. आता मी त्यांच्यावर आळ घेत होते, आणि तो ऐकून तीस पोरं वहीत लिहून घेत होती. मला माझी इतकी किळस आली की तास अर्धवट सोडून बाहेर गेले.

त्या संध्याकाळी आधी सुराणाजींना फोन केला, कारण ते सोपं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जुनी गोष्ट आहे, मशिनसुद्धा आता बदललं, तुम्ही कशाला मनाला लावून घेता, असं म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय खरंच संपलेला होता.

रविवारी सकाळी झोटवाड्याला गेले. दार सावनीनं उघडलं. पंढरीनाथ खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, रेडिओ हलक्या आवाजात लावलेला. डावा डोळा गेला होता, उजव्याला फक्त उजेड-अंधार कळत होता. माझ्या पायरवावरून म्हणाले, "ज्ञानदा न्हवं? ये. सावनी, च्या टाक." तीन वर्षं का आली नाहीस हे विचारलं नाही. विमलकाकू खुर्चीत होत्या, त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरून ठेवला.

खिडकीत ती ॲल्युमिनियमची डबी दिसली. चारही खणांत बटणं, सेफ्टी पिना, सावनीच्या केसांचे चाप भरलेले. मी गोळ्यांचं विचारलं. गोळ्या आता मीच देते, सावनी म्हणाली, आणि मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्यावर आवाज खाली आणून पुढचं सांगितलं. "त्या ॲक्सिडेंटनंतर बाबांनी डबी बंदच केली ना. आपल्या हातून काही उलटसुलट होईल, मतलब, आईला काही होईल, असं म्हणाले. आधी मला वाटलं डोळ्यांमुळे. पण गोळ्या तर ते हातानंच ओळखायचे. आता रस्त्यावर एकटे जात नाहीत. भाजीवाल्या भैयानं हातात सुटे पैसे दिले तरी मोजत नाहीत. कशालाच हो म्हणत नाहीत."

मी बाहेर आले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. वर बसून सांगता आलं नसतं.

"काका, तुमचा झिरो बरोबर होता," मी म्हटलं. "चूक प्रोग्रॅममध्ये होती. माझी. मी सत्तावन्नच्या जागी अठ्ठावन्न पुकारला. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

त्यांनी हात लांब करून रेडिओ बंद केला. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटलं. पण त्यांचे ओठ हलत होते ते आकड्यांसाठी.

"अठ्ठावन्नात प्लेटीचा झिरो हुता," ते म्हणाले. "महिनाआधी एक पातळ प्लेट बांधली हुती, टेबलाच्या उजव्या टोकाला, चौथा व्हाइस काढून त्याच्याच जागी, उघड्या टेबलावर. ती परत येणार हुती म्हणून मीच पुसला न्हवता. खोली उणे चारशे सदतीस."

मला ते आठवतही नव्हतं.

"चौथ्या व्हाइसचा माझा आकडा उणे तीनशे एक्कावन्न. फरक किती?"

"श्याऐंशी," मी म्हटलं.

"तू त्या दिवशी वाचलंस, एकसष्ट बाकी. टूल वीस मिलिमीटर बाहीर हुतं, त्ये मोडलं. एक्क्याऐंशी. खाली उतरताना झिरोच्या पाच मिलिमीटर वर थांबायचं असतंय, ते पाच धर." ते थांबले. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करून पुढे सरकत होता. "श्याऐंशी."

"हो."

"तीन वर्सं ह्यो हिशोब करतोय म्या," पंढरीनाथ म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तीनाचा आठ वाचला आसंल, एकाचा सात वाचला आसंल, सगळं करून बघितलं. कसंबी चुकीचं वाचलं तरी श्याऐंशी येत न्हाई. डोळं जाणार ह्ये मला ठावं हुतं गं, साखरंचं डोळं ते. मला वाटलं, डोस्कं गेलं."

विमलकाकू रडायला लागल्या. मीही रडत होते आणि माफी मागत होते, एकदा नाही, चार-पाचदा, मूर्खासारखी तेच तेच शब्द बोलत. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, केलं नाही असंही म्हटलं नाही. माझं त्यांच्या कानावर पडत होतं का कुणास ठाऊक. त्यांनी सावनीला हाक मारली आणि डबी मागितली.

सावनीनं बटणं, पिना, चाप एका वाटीत ओतले, डबी पदरानं पुसून त्यांच्या मांडीवर ठेवली. मग गोळ्यांची पाकिटं मागितली. ती एकेक करून हातात घेतली. पाकिटाची कड चाचपली, गोळीचा आकार अंगठ्यानं बघितला, एक गोळी जरा वेळ ओंजळीत धरून ठेवली. दोन नवीन होत्या, त्यांची नावं आणि वेळा सावनीला विचारून घेतल्या, एकदाच. पहिल्या खणात तीन पडल्या, दुसऱ्यात दोन. गोळी खणाबाहेर एकही पडली नाही. चारही खण झाल्यावर त्यांनी डबी पुढे केली.

"मोज."

सावनीनं मोजलं. कागदाशी ताडून पुन्हा मोजलं. "बरोबर आहेत, बाबा."

"पुन्ना मोज."

तिनं तिसऱ्यांदा मोजलं आणि नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी मान हलवली. डबी परत मांडीवर घेतली आणि पहिल्या खणातल्या तीन गोळ्या काढून विमलकाकूंच्या डाव्या तळहातावर ठेवल्या. सकाळचे दहा वाजून गेले होते, सकाळच्या गोळ्या अजून द्यायच्याच होत्या. "विमल, तुझं चोपन्न," ते म्हणाले.

माझ्या चहावर साय धरली होती. मी उठले, येते म्हटलं. जेवल्याशिवाय मला त्या घरातून कधी जाऊ न देणारा माणूस त्या दिवशी काही म्हणाला नाही. ते सोमवारच्या गोळ्या काढत होते.